दोन चिमटी युरिया

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर टोमॅटोची वीस रोपं मेली. पोस्टमॉर्टेम मीच केलं आणि खुनीही मीच निघालो!

मी शेतकऱ्याचा मुलगा. तेव्हा मातीतलं आपल्याला कळतं ही घमेंड उपजतच. दिवाळीची सुट्टी संपवून येताना घरची काळीभोर माती गोणीत भरून आणली, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं तरी आणली. मेसमधून दह्याचे रिकामे डबे गोळा केले, कर्कटक तापवून तळाला भोकं पाडली आणि बी टाकलं. उगवण झकास. दोन खरी पानं फुटली तेव्हा प्रत्येक डब्यात दोन चिमटी युरिया घातला. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात सगळी फौज आडवी. रूम पार्टनरचं निदान तयार होतं : "खत कमी पडलं असेल रे."

माझं भांडण या वाक्याशी आहे. रोप मेलं की खत कमी, पोरगा नापास झाला की क्लास कमी. मोजायचं कुणी नाही.

मग मोजलं. दोन चिमटी म्हणजे साधारण एक ग्रॅम धरा. डब्यातल्या मातीत पाणी असेल दोनशे मिली. म्हणजे लिटरला पाच ग्रॅम! रोपवाटिकेत 19:19:19 चं विद्राव्य खत कोवळ्या रोपांना देतात ते लिटरला एखादा ग्रॅम. युरियात 46 टक्के नत्र. शेतात तो पसरतो, खाली झिरपतो. डब्यात जाणार कुठे? बारावीला पाठ केलेलं परासरण इथे भेटलं : बाहेरचं पाणी खारट झालं की मुळाला पाणी ओढता येत नाही. वर युरियाचा अमोनिया होतो तो वेगळा.

पण खरा धक्का पुढे होता. मेलेली रोपं उपटली तर मुळं तपकिरी, मऊ, वास मारणारी. म्हणजे युरिया नसता घातला तरी ती फार दिवस काढणार नव्हती. माझी लाडकी काळी मातीच त्यांना गुदमरवत होती. शेतात तीच माती सोनं आहे, कारण तिथे तिच्याखाली आणखी हातभर, दोन हात माती असते आणि ती वरचं पाणी खाली ओढून घेते. डब्यात माती चार इंचांवर संपते, आणि तळाशी पाणी अडून बसतं. विश्वास नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली! उथळ डब्यातली माती म्हणजे आडवा स्पंज. त्यात आमची माती मॉन्टमोरिलोनाइटवाली, भिजली की फुगणारी. हे सिव्हिलवाल्यांनी सांगायला हवं होतं. मी स्वतः सिव्हिलचा आहे, असो.

जानेवारीत दुसरी फेरी. चाळीस डबे, चार मिश्रणं : नुसती काळी माती, माती आणि वाळू, कोकोपीट आणि गांडूळखत, माती, कोकोपीट, गांडूळखत समसमान. प्रत्येकी दहा डबे, त्यातल्या पाचांना आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम खताचं पाणी, पाचांना साधं. वाळूचं मिश्रण सुकल्यावर विटेसारखं झालं, कारण चिकणमाती वाळूच्या फटींतच जाऊन बसते. काळ्या मातीत खत दिलेली आणि न दिलेली रोपं सारखीच रडत होती. मुळांना हवाच नाही, तर ताटात काय वाढलंय याला काय अर्थ? कोकोपीटवाली जोरात होती. मी विजयी मुद्रेने सगळ्यांना गच्चीवर नेलं. एक मेकॅनिकलचा मित्र बघून म्हणाला, "तुझी कोकोपीटची सगळी रांग कठड्याजवळ उन्हात आहे, बाकीची टाकीच्या सावलीत. तू माती तपासतोयस की ऊन?"

बोलतीच बंद. तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या टाकून डब्यांच्या जागा ठरवल्या. फरक राहिला, पण आधी दिसला तेवढा नाही. आणि माती, कोकोपीट, गांडूळखत हे मिश्रण पहिलं आलं. तीन वर्षांत इतकी जर्नल लिहिली, रीडिंग "मॅनेज" केली, पण चुकलेलं रीडिंग किती किमती असतं हे या डब्यांनी शिकवलं.

इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत 1930 च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी हेच काम नीट केलं. तोवर तिथला प्रत्येक माळी ज्या त्या झाडासाठी आपलं गुपित मिश्रण बाळगून असे. त्यांनी प्रयोग करत करत कुंडीसाठी 7 भाग पोयट्याची माती, 3 भाग पीट, 2 भाग वाळू असं प्रमाण बसवलं, माती वाफेने निर्जंतुक करायला लावली आणि 1939 साली पुस्तकच काढलं. हातगुणाची जागा मापाने घेतली. आपण तर मापाचंच शिक्षण घेतोय ना?

आता मुद्द्यावर येतो. दर जुलैत आपल्याकडे वृक्षारोपण होतं. खड्डा तोच, रोप नवं, फोटो नवा. मागच्या वर्षीचं रोप का मेलं, हे कोणत्याही वहीत नाही. विकत आणलेल्या रोपाच्या पिशवीत कसली माती आहे, मुळं गोल गोल वळलीत का, हेही कुणी पाहत नाही. मग पाणी घातलं नाही म्हणून माळीमामांना बोल लावायचा. माझं म्हणणं, रोपं इथेच तयार करावीत. मेसमधली भाजीची देठं, सालं रोज बादलीभर निघतात. रेक्टर सरांनी हॉस्टेलमागचा एक कोपरा दिला तर तिथे दोन-तीन महिन्यांत खत होईल. टोमॅटोचा निकाल झाडांना जसाच्या तसा लागू पडेल असा माझा दावा नाही. म्हणूनच चारही मिश्रणांच्या दहा-दहा पिशव्या भराव्यात, आणि किती जगली, किती मेली याचा आकडा मेसच्या बोर्डावर मेनूशेजारी लागावा. मेलेल्यांचा आधी.

घाई एवढ्यासाठी की कॅन्टीनजवळच्या कडुनिंबाच्या निंबोळ्या जूनमध्ये पडायला लागतील. हे बी साठवून टिकत नाही, काही आठवड्यांतच उगवणशक्ती जाते. ताजंच पेरावं लागतं. तेव्हा आपण सगळे गावी असू. मी माळीमामांना विचारलं. ते म्हणाले, "निंबोळ्या मी वेचतो रे पोरा, पण पिशवीत काय किती भरायचं ते लिहून दे, नंतर माझ्यावर ढकलू नका." चारही मिश्रणांचं माप घमेल्याच्या हिशेबात लिहून त्यांच्या खोलीच्या दाराला चिकटवलंय. युरियाचं नाव त्यात नाही.