वर्म की प्लॅनेटरी? आधी तास मोजा

कन्व्हेअर असो, होइस्ट असो की सरकते गेट, गिअर मोटर घ्यायची वेळ आली की छोट्या कारखान्यांत एक सल्ला हमखास मिळतो : ‘वर्म टाका, स्वस्तात काम होतं आणि लोडही जागेवर धरून ठेवतो.’ या सल्ल्याचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा जिवावर बेतणारा आहे.

जिवावर बेतणारा भाग आधी पाहू. वर्म गिअरमध्ये पोलादी स्क्रू ब्राँझच्या चाकाच्या दातांवरून घसरत फिरतो. स्क्रूच्या आट्यांचा कोन पुरेसा लहान, साधारण ५ अंशांच्या आत असेल, तर चाक स्क्रूला उलटे फिरवू शकत नाही. यालाच सेल्फ-लॉकिंग म्हणतात. पण लोड धरून ठेवणारे हे बळ निव्वळ घर्षणाचे असते. यंत्र हादरू लागले, दात घासून गुळगुळीत झाले किंवा जास्त निसरडे सिंथेटिक तेल भरले, की घर्षण घटते आणि थांबलेला लोड खाली सरकू लागतो. १५:१ सारख्या कमी रेशोच्या मल्टी-स्टार्ट वर्मवर तर या लॉकिंगचा भरवसा मुळात धरताच येत नाही. तरीही ‘वर्म आहे ना’ म्हणून ब्रेकला काट मारली जाते. जुन्या लिफ्ट कित्येक दशके वर्म गिअरवर चालल्या, पण त्यांच्या मशीनवर वेगळा ब्रेक असायचाच. ज्या लोडखाली माणूस उभा राहू शकतो, तिथे गिअर कोणताही असो, ब्रेक हवाच.

आता स्वस्ताई. जे घर्षण लोड धरते, तेच वीज खाते. चालत्या स्थितीतही लॉक होणाऱ्या वर्मची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच असते. ६०:१ रेशोचा बऱ्यापैकी वर्म ६५ टक्क्यांच्या आसपास काम देतो. प्लॅनेटरीत मधल्या सन गिअरभोवती सहसा तीन प्लॅनेट गिअर फिरतात, लोड त्यांच्यात वाटला जातो आणि दात घसरण्यापेक्षा एकमेकांवर लोळतात जास्त. म्हणून एका टप्प्याला सुमारे ९७ आणि दोन टप्प्यांना ९४ टक्के मिळतात. गिअरबॉक्सनंतर १ किलोवॉट लागणारा कन्व्हेअर घ्या. वर्मला मोटरकडून १.५४ किलोवॉट हवेत, प्लॅनेटरीला १.०६. रोज १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर फरक जवळपास २,३०० युनिटचा. युनिट ८ रुपयांचे धरले तरी वर्षाला १८ हजार रुपये जातात, आणि यात मोटरचा स्वतःचा तोटा धरलेलाच नाही.

ही वाया गेलेली वीज उष्णता होऊन तेलात उतरते. फिटर तेल बदलतो तेव्हा बाहेर येणाऱ्या काळपट तेलात पितळी रंगाची बारीक चमक दिसते. ती चाकाच्या झिजलेल्या ब्राँझची. सक्रिय गंधक असलेले ईपी तेल चुकून पडले असेल, तर ब्राँझ आणखी लवकर खराब होते.

आणखी एक विसंगती खटकते. १.५ किलोवॉटची चार-पोल मोटर आयई२ऐवजी आयई३ घेतली, तर कार्यक्षमता ८२.८ वरून ८५.३ टक्क्यांवर जाते. या अडीच टक्क्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि पुढे पस्तीस टक्के गमावणारा गिअरबॉक्स जोडायचा, हा कुठला हिशेब?

मात्र ‘आता सगळीकडे प्लॅनेटरीच’ हा आग्रहही टिकत नाही. दिवसातून दहा मिनिटे चालणाऱ्या गेटला विजेतला फरक नगण्य असतो. तिथे कमी किंमत, शांत चाल आणि काटकोनात निघणारा शाफ्ट यांमुळे वर्मच योग्य. प्लॅनेटरीत काटकोन हवा तर बेव्हल टप्पा जोडावा लागतो आणि किंमत आणखी चढते.

उलट महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे पाहावे. गळीत हंगामात उसाच्या मिल रात्रंदिवस फिरतात, आणि तिथे अनेक कारखान्यांनी जुनी वाफेची टर्बाइन व उघडे गिअर काढून विजेची मोटर आणि प्लॅनेटरी गिअरबॉक्स बसवले. वाचलेल्या वाफेवर त्यांना वीज तयार करता येते.

म्हणून कोटेशन मागवताना किमतीआधी यंत्र वर्षाला किती तास चालणार ते लिहावे आणि त्याच रेशोची कार्यक्षमता लेखी मागावी. चालतानाची आणि सुरू होतानाची, दोन्ही. थांबलेल्या वर्ममध्ये घर्षण जास्त असल्याने सुरुवातीचा आकडा बराच खाली असतो, आणि भरलेला कन्व्हेअर सुरू करायचा असेल तर मोटर त्याच आकड्यावर निवडावी लागते.