उकरू द्या त्याला

गेल्या दोन-तीन महिन्यांत नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे ससा आहे ना, मग त्याची उकरायची सवय कशी मोडलीत?" माझं उत्तर एकच : मोडली नाही, आणि मोडूही नये. पण हल्ली फोनवर कुणाला पूर्ण ऐकून घ्यायला वेळ नसतो, म्हणून इथे लिहिते आहे. (ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना लिंक पाठवीनच. राग मानू नये.)

सगळा घोळ आपल्या भाषेतल्या एका शब्दाने केलाय असं माझं मत आहे. 'ससा' म्हटलं की आपल्यासमोर दोन अगदी वेगळे प्राणी येतात, आणि आपण त्यांना एकच समजतो. आपला रानातला, शेतातला ससा करड्या-तपकिरी रंगाचा, लांब तंगड्यांचा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात दबून बसतो आणि अगदी जवळ गेलं की बाणासारखा सुटतो. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि डोळे उघडे अशी असतात, कारण ती उघड्यावरच जन्मतात.

पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा हा युरोपातल्या सशाचा वंशज. त्याचं मूळ गाव स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा काही भाग. तो जमिनीखाली बोगदे खणून कळपाने राहणारा. त्याच्या शास्त्रीय नावातला लॅटिन शब्द 'क्युनिक्युलस', त्याचा अर्थसुद्धा भुयार असाच होतो. पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली, म्हणून ती बिळातच जन्मायला हवीत. म्हणजे उकरणं हे त्याचं घर बांधणं आहे. चिमणीला कुणी विचारतं का, की काड्या गोळा करायची खोड कधी जाणार?

शाळेत असताना एक गंमत लक्षात आली होती. आपल्या गोष्टींतले ससे आठवून बघा. कासवाशी शर्यत लावणारा झाडाखाली झोपतो. पाठीवर पान पडल्यावर आभाळ कोसळलं म्हणून पळणाराही झाडाखालीच असतो. मला आठवणाऱ्या एकाही गोष्टीत ससा बिळात राहत नाही. उलट १८६५ साली आलेल्या लुइस कॅरोलच्या पुस्तकात ॲलिस सशामागून जाते ती थेट बिळात पडते. मुलं हमखास विचारायची, "बाई, सशाच्या बिळात कशी पडेल? सशाला बीळ असतं का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्यांनी पाहिलेल्या सशाला नसतंच.

आता हे भाषेचं पाल्हाळ कशाला, असं वाटेल. तर मुद्दा असा की या गैरसमजाने ससे मरतात. आमच्या एका भाच्याने नवा सोफा खरवडून निघाल्यावर ठरवलं, की रविवारी ससा टेकडीवर सोडून यायचा. "मामी, रानातलाच प्राणी ना तो, मोकळा होईल बिचारा." अरे, कुठला मोकळा! पांढराशुभ्र, माणसाळलेला, काय खावं आणि कुठे लपावं हे न कळणारा जीव. टेकडीवरची कुत्री त्याला एक रात्र तरी देतील का? रानातला म्हणतोस तो वेगळा, आणि त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. हा टेकडीचा नव्हेच. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा जागी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही त्याला सांगितलं. मामी म्हणून सांगितलेलं फारसं पोहोचलं नव्हतं, कायदा म्हटल्यावर जरा थांबला. ससा अजून त्याच्याकडेच आहे. आणि त्याला हवंय ते फक्त एक खोकं.

हो, खोकंच. आमच्याकडे नातीने आणलेला ससा आहे, नाव खडू. (नाव मी ठेवलं. तीस वर्षं फळ्यापुढे काढल्यावर पांढरं काही दिसलं की दुसरं काय सुचणार?) त्याच्यासाठी मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. उंची महत्त्वाची, कारण तो पुढच्या पायांनी उकरतो आणि मागच्या पायांनी माल बाहेर फेकतो. एका बाजूला त्याला आत जाता येईल एवढं भोक कापलं, पण तळापासून चार-पाच बोटं वर, म्हणजे आतलं सांडत नाही. चिकटपट्ट्या आणि धातूच्या पिना आधी काढून टाकायच्या, कारण तो खोकंही कुरतडतो. कुरतडू दे. फाटलं की दुसरं आणायचं, किराणा दुकानात मागितलं की मिळतं.

आत काय भरायचं? सगळ्यांत सोपं म्हणजे कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेलं गवत. साधं वर्तमानपत्र चालतं, पुरवण्यांचा गुळगुळीत रंगीत कागद नको. आमच्याकडे माझ्या जुन्या टाचणवह्या कामाला आल्या. खडूने त्या जितक्या बारकाईने तपासल्या तितक्या कुठल्याही साहेबांनी कधी तपासल्या नव्हत्या. पट्ट्यांच्या तळाशी कोथिंबिरीची काडी लपवली की तासभर सोफ्याची आठवण येत नाही.

ज्यांच्याकडे बाल्कनी आहे त्यांनी मातीचा टब ठेवावा. खरा आनंद मातीतच. पण कुंडीतली किंवा रोपवाटिकेतली तयार माती नको, तिच्यात खतं, निंबोळी पेंड, कीटकनाशकं काय काय असतं. औषध न मारलेल्या जागेची साधी माती चाळून, चांगली उन्हात वाळवून घ्यायची आणि जरासा पाण्याचा हात मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही. सशाची फुप्फुसं नाजूक असतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये सावलीतली ती ओलसर माती त्याला पंख्यापेक्षा बरी वाटते, कारण सशाला घाम येत नाही. मात्र लघवी केलेली माती लगेच काढायची, आणि जवळपास कण्हेर वगैरे विषारी झाड असू नये.

बांधकामाची वाळू आणू नका. तिच्यात धूळ, सिमेंट, काचा, काहीही असतं. मांजरांसाठीची गोळा होणारी वाळू तर मुळीच नको, पोटात गेली तर तिथे गोळा होईल. ससा उलटी करू शकत नाही हे लक्षात ठेवा, गेलं ते गेलं. सुटणाऱ्या धाग्यांच्या चिंध्यांचंही तेच. माती किंवा वाळू तो खातोय असं दिसलं तर टब उचलायचा आणि कागदावर यायचं. आणि कुठल्याही कारणाने त्याने दिवसभर तोंड लावलं नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

गावाकडे अंगण असलेल्यांची अडचण उलटी. तिथे तो कुंपणाखालून खणून पसार होतो. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने शिकारीसाठी थोडे ससे सोडले आणि पुढे सगळा देश त्यांच्यामागे लागला. पश्चिमेकडे शेकडो मैलांचं कुंपण घातलं, त्याची जाळी जमिनीत पुरावी लागली, तरी ससे पलीकडे गेलेच. तेव्हा आपण निदान फूटभर जाळी पुरावी किंवा कडेने जमिनीवर आडवी अंथरून मातीने झाकावी. वरूनही जाळी हवी, मांजर आणि घार दोन्ही असतात. आणि रात्री आत घ्यावा.

एका दुकानात मला सांगण्यात आलं, की तारेच्या तळाचा पिंजरा घ्या, उकरायचा प्रश्नच मिटेल. मिटतो खरा. उकरायला काही उरत नाही, आणि तारेवर बसून बसून पायांना जखमा होतात. यापेक्षा ससा न आणलेला बरा. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो, वाढदिवसाच्या भेटीपुरता नसतो.

आणि हो, मादी असेल आणि एकदम झपाटल्यासारखी उकरायला लागली, छातीचे केस उपटून कोपऱ्यात ठेवायला लागली, तर ती घरटं करतेय. पिल्लं खरोखर असतील किंवा नसतील, नुसता शरीराचा भासही असतो. रागावू नका, गवत जास्त द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

भाच्याला खोकं मीच पाठवते आहे. टाचणवह्या अजून सात शिल्लक आहेत, त्यातल्या इतिहासाच्या त्याला देईन. मराठीच्या खडूसाठी ठेवल्यात.