पूररेषेजवळचे घर आणि घेणाऱ्याचा अभियंता

इंग्लंडच्या कालव्यांवर आणि नद्यांवर हजारो माणसे बोटीतच राहतात. तेच त्यांचे घर, तोच त्यांचा पत्ता. अशी बोट विकत घेताना तिथे एक रीत पाळली जाते. किंमत ठरते, पण सौदा पक्का होतो तो तपासणीनंतर. घेणारा स्वतःच्या खिशातून पैसे देऊन सर्व्हेअर नेमतो, बोट पाण्याबाहेर काढली जाते आणि पोलादी तळाची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने जागोजाग मोजली जाते. नव्या बोटीच्या तळाचा पत्रा बहुधा १० मिलिमीटरचा आणि बाजूंचा ६ मिलिमीटरचा असतो. गंजून तो ४ मिलिमीटरच्या खाली गेला, तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा उतरवायला तयार होत नाहीत. वास्तविक त्या बोटीकडे सुरक्षिततेचा दाखला असतोच, दर चार वर्षांनी तो घ्यावाच लागतो. परंतु त्यात आग, स्फोट आणि प्रदूषण यांचा धोका तेवढा पाहिला जातो. जलमार्गाची यंत्रणा आणि शेजारच्या बोटींतली माणसे यांच्या काळजीपोटी तो दाखला आहे. तळ किती गंजला आहे, हे त्यात पाहतच नाहीत. दाखला पूर्णपणे खरा असतो आणि तरीही घेणाऱ्याच्या सर्वात मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

नाशिकमध्ये तरंगती घरे नाहीत, पण पाण्याशी संबंध असलेली घरे पुष्कळ आहेत. गंगापूर धरणाच्या खाली वसलेले हे शहर गोदावरी, नासर्डी, वालदेवी आणि वाघाडी यांच्या काठांनी वाढत गेले. १९६९ आणि २००८ चे महापूर अजून लोकांच्या बोलण्यात येतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही गोदाकाठच्या बाजारपेठांत पाणी शिरले. जुन्या नाशिकला पूर मोजायला यंत्र लागत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की गळ्यापर्यंत आले, यावरून सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही हे ठरवतो. ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांची आहे. बाहेरगावाहून नोकरीला आलेल्या आणि नदीचे दृश्य दिसते म्हणून चार पैसे जास्त मोजून फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला ती कोण सांगणार? माझे म्हणणे असे, की नाशिकमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाने, आणि नदी-नाल्याजवळ घेणाऱ्याने तर नक्कीच, अखेरची रक्कम देण्याआधी स्वतःचा अभियंता नेमून घर तपासून घ्यावे. या तपासणीला सौद्यात रीतसर जागा मिळाली पाहिजे.

यावर पहिला प्रश्न येतो तो कागदपत्रांचा. महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला आहे, महारेराचा नोंदणी क्रमांक आहे, बँकेने कर्ज मंजूर केले आहे, मग आणखी काय तपासायचे? यातला प्रत्येक कागद कोणासाठी तयार झाला, हे नीट पाहायला हवे. पूर्णत्वाचा दाखला सांगतो, की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आणि विकास नियंत्रण नियमांप्रमाणे उभी आहे. तुमच्या न्हाणीघराच्या खालचे वॉटरप्रूफिंग टिकेल की नाही, हे तो सांगत नाही आणि सांगणे त्याचे कामही नाही. बँकेचा मूल्यांकनकार हप्ते थकले तर घर विकून कर्ज वसूल होईल का, एवढे पाहतो. बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, तोही बँकेच्या हितासाठी. महारेराची नोंदणी प्रकल्पाची माहिती उघड करते. ती फार मोलाची आहे, परंतु नोंदणी म्हणजे बांधकामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत, आणि एका प्लॉटवर तीन मजले चढवून बांधलेल्या अशा लहान इमारती नाशिकच्या उपनगरांत गल्लोगल्ली दिसतात. सगळे कागद फाईलला लागतात, पण त्यातला एकही घेणाऱ्याच्या वतीने भिंतीजवळ जाऊन उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. ग्राहकाच्या हाती आलेले हे मोठे हत्यार आहे. पण हत्यार चालवण्यासाठी दोष आधी दिसावा लागतो, मग तो मुळातला आहे हे पटवावे लागते. ताबा घेतल्यावर तीन पावसाळे गेले, रंगाचे दोन हात झाले, खिडक्यांना नव्या जाळ्या बसल्या, की भिंतीतली ओल बांधकामाची की वापराची, यावर वाद सुरू होतो. ताब्याच्या दिवशीचा छायाचित्रांसह लिहिलेला अहवाल हातात असेल, तर तोच वाद पुष्कळ लवकर मिटतो. म्हणजे तपासणीमुळे कायद्याची ताकद वाढतेच. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा असतो. हे दोन महिने गृहप्रवेशाचा मुहूर्त शोधण्यात आणि फर्निचरवाल्याशी बोलण्यात जातात. त्यातला एक दिवस अभियंत्याला द्यावा. जुन्या, पुनर्विक्रीच्या फ्लॅटची गोष्ट तर याहून अवघड. बहुतेकदा ती पाच वर्षे संपून गेलेली असतात आणि विकणारा मालक काही विकासक नसतो. तिथे व्यवहाराआधी जे दिसले नाही, ते पुढे घेणाऱ्याच्याच पदरी पडते.

आता पाण्याकडे येऊ. २००८ च्या महापुरानंतर गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा विषय नाशिकमध्ये घरोघरी पोचला. ढोबळमानाने निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात जोते पुराच्या पातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर बांधकामाला परवानगी मिळते. म्हणजे अशा इमारतीत घर घेणे बेकायदा नाही, आणि मूर्खपणाचेही नाही. पण घेणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असायला हव्यात. इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा प्रत्यक्षात किती वर आहे? वाहनतळ किती खाली आहे? वीजमीटरची पेटी, लिफ्टची यंत्रणा आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी पुराच्या पातळीच्या वर आहे की खाली? आणि नदी चढली, की ड्रेनेजच्या चेंबरमधून पाणी उलटे फिरून आवारात येते का? शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नदीच्या पुराची रेषा नकाशावर आखता येते. परंतु सरस्वती नाल्याच्या परिसरात, दहीपुलावर किंवा सराफ बाजारात नदीला पूर नसतानाही एका जोरदार सरीने पाणी साचते, ते पूररेषेच्या नकाशावर दिसत नाही. ते कळते चेंबरची झाकणे उघडून, उतार मोजून आणि तळमजल्याच्या भिंतींवर फुटलेला लोणा पाहून. लोण्याचा पट्टा जमिनीपासून किती उंचीपर्यंत गेला आहे, यावरून जाणकाराला बराच अंदाज बांधता येतो. विकणारा मात्र घर दाखवण्याआधी नेमका तोच पट्टा रंगवून घेतो.

तपासणी म्हणजे हातोडीने भिंत ठोकून पाहणे नव्हे. ओल मोजणारे उपकरण, काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावणारा रिबाउंड हॅमर, काँक्रीटच्या आतली सलगता ध्वनिवेगाने पाहण्याची चाचणी, सळईवर काँक्रीटचे आवरण किती आहे ते सांगणारे मीटर, हे सगळे आज अभियांत्रिकी सल्लागारांकडे उपलब्ध आहे. न्हाणीघरात आणि गच्चीवर पाणी साठवून ठेवण्याची चाचणी तर साधी आणि स्वस्त. काळ्या मातीच्या भागात, जिथे जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिथे भिंतींच्या तिरप्या भेगा गिलाव्याच्या आहेत की पायाच्या, हे सांगायला अनुभवी नजर लागते. तपासणीला मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. बोट पाण्याबाहेर काढता येते, इमारतीचा पाया उपसून पाहता येत नाही. म्हणूनच माती-परीक्षणाचा अहवाल, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांनंतरचे निकाल आणि रचनेचे नकाशे मागून वाचणे, हा तपासणीचाच भाग समजला पाहिजे. जुन्या सोसायटीत आणखी एक कागद मागता येतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी रचनात्मक परीक्षण व्हायला हवे. तो अहवाल नसेल, तर नसणे हीच घेणाऱ्यासाठी मोठी माहिती आहे.

बिल्डर आत येऊच देणार नाही, असे पुष्कळजण म्हणतात. एकट्या ग्राहकाच्या बाबतीत ते काही वेळा खरे ठरेल. म्हणून हा हक्क आरंभीच, करारनाम्यात, एका वाक्यात लिहून घ्यावा: ताब्यापूर्वी ग्राहकाने नेमलेला अभियंता सदनिका आणि सामाईक भाग तपासेल आणि लेखी कळवलेले दोष ताब्याआधी दूर केले जातील. एका इमारतीतल्या वीस घेणाऱ्यांनी मिळून एकच अभियंता नेमला, तर खर्चही वाटला जातो आणि नकार देणे विकासकालाही जड जाते. चांगले काम करणाऱ्या विकासकाचा यात तोटा नाही. आज त्याचे काम आणि शेजारच्या प्लॉटवरचे तकलादू काम एकाच दराने विकले जाते, कारण घेणाऱ्याला फरक दाखवणारे कुणी नाही. खर्चाचे म्हणाल, तर ५० लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क पाच टक्के धरले, तरी अडीच लाख रुपये होतात आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. त्यापुढे तपासणीचे शुल्क किरकोळच. घोटीच्या बाजारात डांगी बैल घेणारा शेतकरी पारखणारा माणूस सोबत नेतो. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणारे कुटुंब मात्र नमुना फ्लॅटचा दिवाणखाना पाहून सही करते.

खरी अडचण वेगळीच आहे. तपासणारा कोण, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? आपल्याकडे गृहतपासनिसाच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना नाही. दलालाने सुचवलेला, बिल्डरच्या ओळखीचा, दोन्हीकडून मानधन घेणारा तपासनीस नसलेलाच बरा. यावर उपाय नाशिकला जवळच सापडू शकतो. राज्याच्या धरणांची सुरक्षितता पाहणारी संघटना नाशिकमध्ये आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘मेरी’, दिंडोरी रोडवर आहे. धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, निरीक्षणे लिहून ठेवायची, ही शिस्त या शहरातल्या अनेक अभियंत्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि त्यातले कितीतरी निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाले आहेत. के. के. वाघ आणि मविप्रच्या बाबूराव ठाकरे महाविद्यालयांसारख्या संस्थांतून दरवर्षी स्थापत्य अभियंते बाहेर पडतात. शहरातल्या अभियंत्यांच्या संघटनांनी अशा लोकांची यादी करावी, अहवालाचा एक सामाईक मराठी नमुना ठरवावा आणि यादीतल्या सदस्याने विकणाऱ्याकडून किंवा दलालाकडून एक रुपयाही घेऊ नये, घेतल्यास नाव वगळावे, असा नियम करावा. त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशिकमधल्या घरमालकांची भीतीही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक घराला पुराचा शिक्का बसला, तर आमच्या घरांची किंमत कोसळेल, असे त्यांना वाटते. काही घरांची किंमत उतरेल, हे मान्य करायला हवे. पण आज तो तोटा नाहीसा झालेला नाही. तो फक्त न सांगता पुढच्या घेणाऱ्याच्या गळ्यात टाकला जातो. उलट ज्या जुन्या वाड्याचे जोते उंच आहे आणि ज्याने २००८ चे पाणी दाराबाहेरच थोपवले, त्याच्या मालकाला आज ते सिद्ध करायची सोय नाही. लेखी अहवाल त्यालाही उपयोगी पडेल. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतो तसे शहरात रस्ते, पूल आणि जमिनींचे व्यवहार वेग घेत आहेत. या घाईत महापालिकेने एक काम हाती घ्यावे. नदी-नाल्यांलगतच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर जोत्याची प्रत्यक्ष मोजलेली पातळी आणि त्या ठिकाणची निळी व लाल पूरपातळी, हे तीन आकडे छापावेत, आणि तेच इमारतीच्या दाराशी फलकावर लावावेत. परवानगी देताना ते तपासले जातातच. घर बघायला येणाऱ्यालाही ते वाचता यावेत, आणि त्याच्या अभियंत्याला टेप लावून पडताळताही यावेत.