गजर वाजतो, गोळी तशीच राहते

अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी तिच्या मोबाइलवर गजर लावून दिला होता. महिनाभराने पाहिलं, तर ॲपमध्ये रोज हिरवी खूण आणि डबीत अकरा गोळ्या शिल्लक. गजर वाजला की माझा भाचा तो बंद करत होता. इंजिनिअर म्हणून माझं काम चोख झालं होतं!

क्षयरोगात अशी चूक फार महाग पडते. साध्या क्षयालाही साधारण सहा महिने औषध घ्यावं लागतं. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, माणूस कामावर परततो, आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो, आणि तो शेजाऱ्यालाही होऊ शकतो.

यावर आपल्या देशात ‘९९डॉट्स’ ही युक्ती वापरली गेली. गोळी काढली की पाकिटावर लपलेला फोन क्रमांक दिसतो, रुग्णाने त्यावर फुकटात कॉल द्यायचा. साधा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही. माझ्या ॲपपेक्षा ही कल्पना कितीतरी शहाणी आहे. तरीही कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही. आणि उलटही घडतं. घरात एकच फोन, तो नवरा यंत्रमागाच्या पाळीवर घेऊन गेलेला. बाईने गोळी घेतली तरी नोंद ‘चुकली’ अशीच. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आजाराचा मेसेज भावाच्या फोनवर आला, तर ती पुढच्या वेळी नंबरच चुकीचा देईल.

आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं आज ॲप बनवतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: फोन कोणाच्या हातात असतो, हे आधी विचारा. मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. दोन दिवस कॉल आला नाही, तर तिसरा मेसेज पाठवू नका. आशाताईंना कळवा, त्या घरी जाऊन विचारतील. आणि वेळ रुग्णाला ठरवू द्या.

रमजानमध्ये अम्मीच्या ॲपमधला सकाळी नऊचा गजर रोज वाजत राहिला. रोजा ठेवायचा तर गोळ्या कधी घ्यायच्या, हे आम्ही डॉक्टरांना फार उशिरा विचारलं. आता एक गोळी सेहरीच्या चहाच्या कपाशेजारी असते, दुसरी इफ्तारच्या खजुरांपाशी. भाच्याला तिथे बंद करायला काही सापडत नाही.