गळती जमिनीत, उपाय स्वयंपाकघरात

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात पाण्याची पारख करणारे एक छोटे उपकरण घरोघरी परिचयाचे झाले आहे. जलशुद्धीकरण यंत्राचा विक्रेता ते पेल्यात बुडवतो, पडद्यावर आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर कुटुंबाचा निर्णय ठरतो. हा टीडीएस-मापी प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पेट्रोलमधील बेन्झीन किंवा ऑक्टेन वाढवण्यासाठी मिसळलेली द्रव्ये पाण्यात उतरली, तरी त्यांचे आयन बनत नाहीत. त्यामुळे आकडा जागचा हलत नाही आणि दूषित पाणी निर्धोक ठरते.

ही द्रव्ये पेट्रोलमध्ये आली त्यामागे एक चांगला हेतू होता. सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली आणि २००० मध्ये देशभर शिसे हद्दपार झाले. हवेच्या दृष्टीने हा निर्णय निःसंशय हितकारक होता. मात्र शिशाने सांभाळलेला ऑक्टेन टिकवण्यासाठी इतर घटकांची गरज भासली. मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर, म्हणजेच एमटीबीई, हा त्यांपैकी जगभर वापरला गेलेला घटक होय. भूमिगत टाकीतून पेट्रोल झिरपले की त्याचा स्वभाव उघड होतो. शुद्ध बेन्झीन एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमहूनही कमी विरघळते. एमटीबीई चाळीस ग्रॅमहून अधिक. ते मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही, सहजी कुजत नाही आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर दूरवर जाते. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये याच द्रव्यामुळे आपल्या प्रमुख विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा भाग गमवावा लागला. त्या विहिरी पुन्हा वापरात येण्यास दशकाहून अधिक काळ गेला. पुढे त्या राज्याने २००४ च्या आरंभापासून पेट्रोलमधील एमटीबीई बंद केले.

असे पाणी घरी शुद्ध करता येईल काय? उत्तर सावध असावे लागते. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्लोरीन व अतिनील दिवा जंतू मारतात. पेट्रोलच्या घटकांवर यांचा भरवशाचा परिणाम होत नाही. उकळल्याने बाष्पशील द्रव्ये काही अंशी उडतात, पण ती बंद स्वयंपाकघराच्या हवेत मिसळून श्वासावाटे शरीरात जातात. आरओचे पटल क्षारांसाठी घडवलेले असते. एमटीबीईचा लहान, भाररहित रेणू ते क्षारांइतक्या खात्रीने अडवत नाही. शिवाय आरओत वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न इतका गंभीर आहे की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, टीडीएस प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले होते.

उरतो तो सक्रिय कोळसा. बेन्झीन तो चांगले धरतो, एमटीबीई मात्र कमी धरतो आणि लवकर सोडतो. नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा या कामी तुलनेने सरस मानला जातो. तरीही यंत्रातील मूठभर कोळशाची कांडी वर्षातून एकदा बदलणे हा उपाय नव्हे. घरात येणारे सर्व पाणी शुद्ध करायचे असल्यास कोळशाची दोन मोठी पात्रे एकामागे एक बसवतात आणि त्यांच्या मधल्या नळातून वेळोवेळी नमुना तपासतात. पहिल्या पात्रातून दूषित द्रव्य सुटू लागले की कोळसा बदलावा लागतो. ही तपासणी नसेल तर कोळसा केव्हा निकामी झाला हे कुटुंबाला कळतच नाही.

पीकसंरक्षणाच्या कार्यकर्त्यांना हे तत्त्व नवे नाही. शेताचे निरीक्षण न करता, कीड न ओळखता आणि आर्थिक नुकसानीची पातळी न पाहता केलेली फवारणी पैसा घालवते आणि खोटा दिलासा देते. पाण्याच्या बाबतीतही निदान आधी, उपाय नंतर, हाच क्रम हवा.

शेतकऱ्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. ऊस, मका व धान्यापासून मिळणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. भूजलाच्या दृष्टीने इथेनॉल हे एमटीबीईपेक्षा निश्चितच बरे, कारण जमिनीतील जिवाणू ते झपाट्याने संपवतात. परंतु ते संपवताना जिवाणू भूजलातील प्राणवायूही वापरून टाकतात. त्यामुळे सोबतच्या बेन्झीनचे विघटन रेंगाळते आणि ते अधिक दूर पोहोचू शकते. ब्राझीलमधील क्षेत्रीय प्रयोगांनी या धोक्याकडे लक्ष वेधले आहे. इथेनॉलला विरोध करण्याचे हे कारण नव्हे. टाक्या आणि नळजोडण्या अभंग ठेवण्याचे मात्र हे सबळ कारण आहे. शेतातून निघालेल्या इंधनाने शेजारची विहीर नासू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

हा धोका केवळ महानगराचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात सासवड येथे चोरांनी इंधनवाहिनी फोडली, तेव्हा पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरले आणि पिकांचेही नुकसान झाले. ती घटना दिसली, म्हणून तिची दखल घेतली गेली. टाकीच्या सांध्यातून रोज थोडे थोडे झिरपणारे पेट्रोल कोणालाच दिसत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नवे पेट्रोल पंप शाळा, रुग्णालये व निवासी क्षेत्रापासून ५० मीटर दूर असावेत असे सांगितले. हे अंतर आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. भूजल अंतराच्या रेषा जाणत नाही. ते उताराने वाहते. म्हणून पंपांच्या उताराकडील कूपनलिकांची ठरावीक काळाने बेन्झीन व ईथरसाठी तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर केले जावेत. पाणी दूषित ठरल्यास पर्यायी पुरवठ्याचा व शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकाने सोसावा. हे तत्त्व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मध्ये आहेच.

तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी काही साध्या गोष्टी सांगाव्यात. पाण्याला पेट्रोल, रॉकेल वा टर्पेंटाइनसारखा वास आल्यास ते पिणे व स्वयंपाकासाठी वापरणे थांबवावे. विहिरीजवळ ज्योत नेऊ नये. प्रयोगशाळेकडून मिळालेली काचेची बाटली हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी, थंड ठेवावी आणि गॅस क्रोमॅटोग्राफीची सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्वरित पाठवावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार नोंदवावी. आणि विहिरीच्या काठावर डिझेलचे कॅन ठेवण्याची सवय आजच सोडावी.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आज पाण्याची अवस्था झाली आहे. गळती टाकीत असताना गाळणी स्वयंपाकघरात बसवून कर्तव्य संपत नाही. गाळणी ही तात्पुरती सोय होय. खरे शुद्धीकरण गळती थांबते तेथेच सुरू होते.