शिक्षेच्या पायऱ्या

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास निघोजे येथील एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. चाकण औद्योगिक वसाहतीत त्यांचा लाकडी पॅलेट व खोकी बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. माल वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांकडे जातो. त्यांच्या स्टोअरकीपरने आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एका चालू राजकीय वादाविषयी तिखट मत मांडले होते. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट शेठजींना पाठविला आणि खाली लिहिले, ‘अशी माणसे तुम्ही पोसता?’ माणूस अकरा वर्षांचा जुना. साठ्यात कधी तफावत निघाली नाही. तरीही स्नेही म्हणाले, ‘उद्या सकाळी त्याचा हिशेब करून टाकतो. ग्राहकापर्यंत गोष्ट गेली तर ऑर्डर जाईल.’

त्यांची भीती खोटी नव्हती. ज्याचा निम्मा धंदा एका ग्राहकावर अवलंबून असतो, त्याला एक स्क्रीनशॉटही झोपू देत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांवर असा प्रसंग आलेला असेल, किंवा उद्या येईल. म्हणून त्याचा विचार शांतपणे, प्रसंग येण्यापूर्वी करावयास हवा.

घाई केवळ लहान पेढ्यांकडूनच होते असे नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबई महानगरपालिकेतील उपायुक्त निधी चौधरी यांनी महात्मा गांधींविषयी एक ट्वीट केले. ते उपरोधाने लिहिले होते, असे त्यांचे म्हणणे. वाचणाऱ्यांनी ते शब्दशः घेतले. निलंबनाची मागणी झाली आणि जूनमध्ये राज्य शासनाने त्यांची बदली केली. पुढच्याच वर्षी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळले, तेव्हा रायगडच्या जिल्हाधिकारी म्हणून जिल्हा सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. गदारोळाच्या दिवसांत सेवाच संपविली असती, तर ती भरून कशी काढणार होतो?

मे २०२४ मध्ये मुंबईतील विद्याविहारच्या सोमय्या शाळेने मुख्याध्यापिका परवीन शेख यांची सेवा समाप्त केली. पॅलेस्टाइनविषयीच्या काही मजकुराला त्यांनी समाजमाध्यमावर पसंती दर्शविली होती. त्यांचे हे वर्तन संस्थेच्या मूल्यांशी विसंगत असल्याची व्यवस्थापनाची भूमिका होती. ही कारवाई बेकायदा व राजकीय हेतूची आहे, असे शेख यांचे उत्तर होते. त्या बारा वर्षे या संस्थेत होत्या आणि त्यांपैकी सात वर्षे मुख्याध्यापिका होत्या. कोणाची बाजू खरी, हा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु नोटीस हाती पडण्यापूर्वीच आपल्याला बडतर्फीची बातमी समाजमाध्यमातून कळली, असे त्यांनी सांगितले, ते प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावे.

तिसरे उदाहरण आपल्या पुण्याचे, नोकरीचे नसले तरी याच जातीचे. मे २०२५ मध्ये एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुरावरून एका विद्यार्थिनीला काढून टाकले. तिला अटकही झाली. तिने तो मजकूर थोड्याच वेळात पुसून क्षमा मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली. तिचे म्हणणे ऐकून न घेताच तो आदेश काढण्यात आला होता.

घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्धचे आहे. खासगी मालकाला ते तसेच्या तसे बांधत नाही. म्हणून मालकाच्या हाताला वेसणच नाही, असे मात्र समजू नये. कामगार संघटनांची मान्यता व अनुचित कामगार प्रथांचा प्रतिबंध यांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, किरकोळ गैरवर्तनासाठी, पूर्वीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी विषम शिक्षा देऊन कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे. चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने काढणे, हेही त्याच यादीत आहे.

मग काहीच बोलू नये काय? तसेही नाही. निघोजेच्या एका शेडमध्ये बीडचा, लातूरचा, बिहारचा, ओडिशाचा कामगार एकाच यंत्रावर असतो. एकाने उचललेला भार दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. तेथे एकाने दुसऱ्याच्या जातीधर्मावर गरळ ओकली, सहकारी स्त्रीची बदनामी केली, कोणाला धमकावले किंवा ग्राहकाचा नकाशा उघड केला, तर तो कारखान्याचाच प्रश्न आहे आणि तेथे मालकाने डोळेझाक करणे हा दोष आहे. परंतु निवडणूक, आरक्षण, दूर देशातील युद्ध यांविषयीचे मत आपल्याला रुचत नाही, एवढ्याने तो आपला प्रश्न होत नाही.

येथे एक अवघड प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपल्या स्टेटसवर काय असते? आपण कुटुंबाच्या गटावर आलेला मजकूर न वाचता पुढे पाठवितो, तो आपले कामगारही पाहतात. त्यांतील कोणाच्या मनाला तो लागला, तर तो कोणाकडे दाद मागणार? मालकाच्या मताला मुभा आणि नोकराच्या मताला हिशेब, हा न्याय नव्हे.

शिक्षेच्या प्रमाणाविषयी आपल्या परंपरेने फार बारकाईने विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. आरंभी आलोचना, म्हणजे गुरूसमोर दोष स्वतःच्या तोंडाने सांगणे. पुढे प्रतिक्रमण, विवेक, तप. त्यानंतर दीक्षेची ज्येष्ठता कमी करणारा छेद आणि काही काळ संघाबाहेर ठेवणारा परिहार. शेवटी येते ती उपस्थापना, म्हणजे पुन्हा दीक्षा देणे. सर्वांत कठोर टोकालाही परतण्याची वाट आहे. पहिल्या पायरीवर तर दोषी माणसाने बोलावयाचे आणि दुसऱ्याने ऐकावयाचे असते. आपण मात्र पहिली पायरी न चढता थेट दाराबाहेरची दाखवितो.

स्नेह्यांना मी त्या रात्री एवढेच सुचविले : आज काही ठरवू नका. सोमवारी त्याला समोर बसवा आणि मूळ मजकूर त्याच्याच मोबाईलवर पाहा. त्यात सहकाऱ्याला दुखविणारे काही आहे का, कारखान्याचे नाव जोडले आहे का, हे तपासा. नंतरच समज, लेखी ताकीद की रीतसर चौकशी, ते ठरवा.

त्यांनी तसे केले. स्टोअरकीपरच्या प्रोफाइलवर कारखान्याचा फलक असलेले छायाचित्र होते, ते त्याने काढले. मजकुरातील एक शब्द असभ्य होता, त्याबद्दल त्याने खेद व्यक्त केला. लेखी समज देऊन विषय संपला. मत त्याने बदलले नाही. ते बदलावे अशी अट शेठजींनीही घातली नव्हती. ग्राहकाकडून आजवर याविषयी एक शब्दही आलेला नाही.

राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. शासनाच्या धोरणांवर टीका करण्यासही त्यांत मनाई आहे. ही बंधने योग्य की अतिरेकी, यावर मतभेद असू शकतात. पण ती आधी लिहून सांगितली आहेत. आपणही एक पानाचा नियम सोप्या मराठीत आणि हिंदीत लिहून हजेरीच्या यंत्राशेजारी लावावा. काय चालणार नाही, तक्रार आल्यास कोण ऐकून घेईल आणि शिक्षा कोणत्या क्रमाने होईल, एवढे त्यात असावे. खाली पहिली सही मालकाने स्वतः करावी.