जुन्या कारचे स्पीकर बदलताय? पैसे आधी दरवाजात घाला

दहा-बारा वर्षांची वॅगन आर, आय-टेन किंवा स्विफ्ट. इंजिन ठणठणीत, एसी गार, गाडी विकायला मन होत नाही. फक्त गाणे लावले की तबल्याच्या जागी कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचक्या मारतेय असे वाटते. मग एक दिवस पुण्याच्या नाना पेठेत किंवा आपल्या गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात चक्कर होते आणि ठरलेला पर्याय समोर येतो: मागच्या ट्रेवर दोन अंडाकृती स्पीकर, डिकीत वूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर. ‘कॉम्बो’मध्ये घेतले की स्वस्तात पडते, असे दुकानदार सांगतो.

जुन्या कारमध्ये हा कॉम्बो पहिला खर्च असूच नये, असे माझे मत आहे. हातात दहा हजार असतील तर निम्मे पुढच्या दोन स्पीकरवर आणि उरलेले दरवाजावर व वायरिंगवर घाला. हे ऐकून दुकानदार फारसा खूश होणार नाही, कारण दरवाजाच्या कामाला मेहनत लागते आणि त्याला चमकदार खोका नसतो.

आधी दोष कुठे आहे ते बघा

सिगारेट लायटरमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर वापरत असाल, तर स्पीकरना दोष देऊ नका. एफएमवरून १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज येतच नाही, शिवाय मध्ये खरखर मिसळते ती वेगळीच. डेकला ऑक्सची खाच असेल तर साधी केबल लावून ऐका. बऱ्याच गाड्यांचा आवाज तेवढ्यानेच सुधारतो.

मग बॅलन्स आणि फेडर फिरवून एकेक स्पीकर सुटा ऐका. अगदी कमी आवाजातही फाटका वाटत असेल, तर कोनच्या कडेचे फोम किंवा कापड गेले आहे. दमट हवेत फोम भुसभुशीत होऊन गळतो, हे नेहमीचेच. दार उघड-बंद करताना आवाज येतो-जातो? मग दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटत आलेली आहे, स्पीकर बदलून काही होणार नाही. आणि ठेक्याचे गाणे चालू असताना दाराचे पॅड हाताने दाबून बघा. आवाज बदलला तर पॅडच्या क्लिपा तुटलेल्या आहेत. (दाराच्या कप्प्यातली टोलची नाणी आधी काढा. निम्मा खडखडाट त्यांचाच असतो.)

खोक्यावरचे वॉट

डेकवर ‘५० वॉट × ४’ लिहिलेले असते. याचे गणित बारावीच्या भौतिकशास्त्राचे आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. स्वच्छ आवाजाची लहर धरली तर कागदावर जास्तीत जास्त २६ वॉट निघतात, प्रत्यक्षात सर्किटमधली गळती वजा जाता त्याहूनही कमी. ५० हा आकडा येतो तो लहर पूर्ण चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज पार फाटल्यावर. आकडा खोटा नाही, पण त्या आकड्यावर गाणे ऐकता येत नाही.

म्हणून स्पीकर घेताना ‘पीक’ वॉटकडे दुर्लक्ष करा आणि दोनच गोष्टी बघा: आरएमएस वॉट आणि सेन्सिटिव्हिटी. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज देतो. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर निवडणे म्हणजे डेकची ताकद फुकटात दुप्पट करणे. ॲम्प्लिफायर नसलेल्या गाडीत हे फार मोलाचे आहे.

दरवाजा हाच स्पीकरचा खोका

घरातल्या स्पीकरला लाकडी खोका असतो तो शोभेसाठी नाही. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. या दोन लहरी एकमेकींच्या उलट असतात आणि एकत्र आल्या की खालचे सूर, म्हणजे बास, एकमेकांना खाऊन टाकतात. खोका त्यांना वेगळे ठेवतो.

कारमध्ये हे काम दरवाजाने करायचे असते आणि तिथेच सगळी बोंब आहे. दाराचे पॅड काढले की आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके दिसतात. कंपनीतून त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पण दहा वर्षांत कधीतरी काच अडकलेली असते, मेकॅनिकने तो कागद फाडून काच दुरुस्त केलेली असते आणि कागद तसाच लोंबकळत ठेवून पॅड बसवलेले असते. अशा दारात कितीही महागडा स्पीकर लावा, बास येणार नाही. मग वूफर हवासा वाटतो.

उपाय म्हणजे ही भोके ॲल्युमिनियमचा थर असलेल्या ब्यूटिल शीटने बंद करणे आणि बाहेरच्या पत्र्याच्या मोठ्या सपाट भागावर आतून एक-दोन पट्टे चिकटवणे. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही. दार बंद करतानाचा ‘टण्’ आवाज ‘धप्प’ असा झाला की काम झाले. डांबरी शीट स्वस्त असते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती वास मारते आणि सुटून येते. ती नको.

इथे एक काळजी घ्यायलाच हवी. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात शिरते आणि तळाच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. शीट लावताना ती छिद्रे बुजली, तर दोन-चार पावसाळ्यांत दार खालून गंजते. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. याच कारणाने स्पीकरखालची रिंग एमडीएफची घेऊ नका, ती ओलाव्याने फुगते. प्लास्टिकची घ्या. आणि स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा. नव्या स्पीकरचे मॅग्नेट खोल असेल तर काच त्यावर आदळते.

मागच्या ट्रेबद्दल थोडक्यात: हॅचबॅकची ट्रे पुठ्ठ्यासारखी असते. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक झाली, तर तिच्यावरचे दोन जड स्पीकर मागे बसलेल्यांच्या डोक्याकडे येतात. गाणे पाठीमागून ऐकण्यासाठी एवढा धोका कशाला?

वायर कापू देऊ नका

‘जुनी गाडी आहे, काय फरक पडतो’ म्हणत मूळ वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली जाते. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि उघडी तार पत्र्याला लागते. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात, ते घालूनच जोडणी करून घ्या.

ॲम्प्लिफायर बसवलाच, तर बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. ही वायर इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी बूच नसेल तर ती घासत राहते. एक दिवस आवरण फाटले की बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर ओतते आणि आग लागायला तेवढे पुरते. काम चालू असताना बॉनेट उघडून फ्यूज स्वतः बघा, फिटरला राग आला तरी चालेल.

दुकानातून निघण्याआधी बॅलन्स पूर्ण एका बाजूला करा. दोन्ही स्पीकर चालू असताना बास कमी आणि एकच चालू असताना जास्त वाटत असेल, तर एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले आहे. पाच मिनिटांचे काम आहे, तिथेच दुरुस्त करून घ्या. आणि काढलेले जुने स्पीकर चांगले असतील तर मागून घ्या. कपलर वापरले असतील, तर गाडी विकताना तेच परत बसवून नवे काढून घेता येतात.